कंटाळा, खाडा आणि रविवार : मुंबईच्या गिरणी कामगाराचे काम व खाजगी जीवन (१८५६–१९५३)

औद्योगिक श्रमाच्या इतिहासात वेतन, संप आणि कायदे यांचा विचार जितक्या विस्ताराने झाला आहे तितका कामाच्या कंटाळ्याचा झालेला नाही. कारण उघड आहे. वेतनाचा आकडा हिशेबाच्या वहीत सापडतो, संपाची तारीख वृत्तपत्रात सापडते, कायद्याचे कलम राजपत्रात सापडते. कंटाळ्याची मात्र कोणी नोंद ठेवीत नाही. तथापि ज्या अनुभवाची नोंद नाही तो अनुभव नव्हताच, असे अनुमान काढणे इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास बारकाईने पाहिला असता असे दिसते की, यंत्रावरील एकसुरी कामाचा उबग आणि त्या कामाबाहेरील आयुष्य जपण्याची धडपड या दोन्ही गोष्टी तेथे सतत वावरत होत्या. फक्त त्या निराळ्या नावांनी वावरत होत्या. मालकांच्या भाषेत त्यांचे नाव आळस असे होते, हजेरीपटाच्या भाषेत खाडा असे होते, आणि कामगारांच्या अर्जांत त्यांचे नाव सुटी असे होते. या तीन नावांमागील एकच प्रश्न उलगडून पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

१. शब्दांचा भेद

प्रथम मराठी भाषेतील एका भेदाकडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल. शीण, कंटाळा आणि आळस हे तीन शब्द व्यवहारात जवळजवळ वापरले जात असले तरी त्यांचे अर्थ भिन्न आहेत. शीण हा मुख्यतः देहाचा धर्म आहे. विश्रांतीने तो उतरतो. आळस हा दोष मानला जातो. तो माणसाच्या अंगी असतो आणि त्याची जबाबदारी त्याच्यावरच पडते. कंटाळा मात्र माणूस करतो तसा तो त्याला येतोही. म्हणजे परिस्थिती आणि मन यांच्या संबंधातून तो उत्पन्न होतो. एकाच प्रसंगाला शीण म्हटले तर उपाय विश्रांतीचा सुचतो, आळस म्हटले तर शिक्षेचा सुचतो, आणि कंटाळा म्हटले तर कामाच्या स्वरूपाचाच विचार करणे भाग पडते. गिरणी कामगाराविषयी झालेल्या चर्चेत पहिले दोन शब्द विपुल आढळतात. तिसरा क्वचितच आढळतो; आणि या वगळण्यातच प्रश्नाचे मर्म आहे.

२. लांब पण सैल दिवस

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि मुंबईत यंत्रावरील सूतकताईचे युग सुरू झाले. कृत्रिम प्रकाशाची सोय नसल्यामुळे गिरणीचा दिवस सूर्याच्या दिवसाशी बांधलेला होता. हिवाळ्यात तो आखूड असे, उन्हाळ्यात लांब. सरासरीने तो बारा तासांच्या आसपास जाई. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. सणावारी गिरण्या बंद राहत. परंतु रविवारी यंत्रे थांबली तरी ती साफ करण्यासाठी कामगारांना अर्धा दिवस बोलावून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती.

या दिवसाचे अंतरंग मात्र वाटते तितके कठोर नव्हते. कामगार मधून मधून साचा सोडून बाहेर जाई, आवारातील नळावर हातपाय धुई, विडी ओढी, घरून आलेला डबा खाई, ओळखीच्या माणसाशी चार शब्द बोले. तेवढा वेळ शेजारचा साचेवाला त्याच्या साच्याकडे पाही. गिरण्याही गरजेपेक्षा काही माणसे अधिक ठेवीत, आणि जॉबर हे सारे पाहूनही अनेकदा न पाहिल्यासारखे करी. इंग्रज अधिकारी आणि गिरणीमालक या वर्तनाला वेळ दवडणे म्हणत. हिंदी मजूर स्वभावतःच सलग काम करू शकत नाही, असा सिद्धान्तही त्यावरून मांडला जाई.

या सिद्धान्ताची तपासणी करणे कठीण नाही. बारा-तेरा तास एकाच खात्यात, कानठळ्या बसविणाऱ्या आवाजात, कापसाच्या तुसात आणि दमट उष्म्यात उभे राहून तुटलेला धागा जोडीत राहावयाचे, हे काम सलग करणे कोणत्याही देशातील मनुष्याला अशक्य होते. धागा जोडण्याच्या कामात लक्ष सारखे गुंतलेले असते, परंतु बुद्धीला करण्यासारखे काही नसते. लक्ष काढूनही घेता येत नाही आणि मन रमविताही येत नाही. अशा कामात माणूस स्वतःच विराम उत्पन्न करतो. आवारातील तो विडीचा झुरका हा आळसाचा पुरावा नसून लांब दिवस सुसह्य करण्याचा उपाय होता. किंबहुना मालक आणि कामगार यांच्यातील तो एक अलिखित करारच होता : दिवस लांब राहील, पण तो सैल राहील. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या गिरण्यांवरील ग्रंथात, आणि राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मधील आपल्या ग्रंथात, कामगार हा मुळातच गिरणीच्या शिस्तीला अपात्र होता ही जुनी समजूत आपापल्या मार्गाने खोडून काढली. गिरणीतील शिस्तीची शिथिलता ही मजुराच्या स्वभावापेक्षा मालकांच्या व्यवस्थेशी आणि बाजाराच्या चढउताराशी अधिक निगडित होती, हा विचार आज अभ्यासकांना परिचित आहे.

३. रविवारची मागणी

पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये झाला. तो मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास त्याने बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले आणि त्यांना महिन्यातून चार सुट्या दिल्या. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्या वेळेला या कायद्याने हात लावला नाही.

या उणिवेवर बोट ठेवण्याचे कार्य नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक असलेल्या लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवण्यात आला. त्यातील मागण्या अभ्यासनीय आहेत. दर रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि अपघातात जायबंदी झालेल्यास मदत. पाचांपैकी पहिल्या तीन मागण्या पैशाच्या नाहीत, वेळेच्या आहेत. काम गोड करा असे कामगार म्हणत नाहीत. कामाला कडा असाव्यात एवढेच ते म्हणतात. दिवस कोठे सुरू होतो, कोठे तुटतो आणि कोठे संपतो हे ठरलेले असावे, ही त्यांची अपेक्षा होती.

मालकांचा प्रतिवाद असा होता की, हिंदू मजुराला सणांच्या सुट्या मिळतातच. ख्रिस्ती राष्ट्रांचा रविवार त्याला कशासाठी? या आक्षेपाला महाराष्ट्राच्या लोकजीवनात उत्तर तयार होते. रविवार हा खंडोबाचा वार मानला जातो, आणि बहुजन समाजातील कामगारांना तो परका वाटण्याचे कारण नव्हते. परंतु खरा मुद्दा धर्माचा नव्हता. सणाची सुटी ही सणाचीच असते. त्या दिवशी देवाचे, नातलगांचे आणि जातगोताचे देणे फेडावयाचे असते. साप्ताहिक सुटी कोणाच्याही देण्यात धरलेली नसते. ती माणसाची स्वतःची असते. सुटीचा हा नवा अर्थ गिरणीनेच उत्पन्न केला होता. शेतीच्या हंगामी लयीत त्याची गरज या स्वरूपात भासली नव्हती.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालक संघाने रविवारच्या सुटीला मान्यता दिली. पुढे १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सर्व कामगारांना लागू केली, स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा केला, आणि मुलांचे किमान वय नऊ वर्षांवर नेऊन नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा घातली. लोखंडे यांचे निधन १८९७ च्या प्लेगात झाले. प्रौढ पुरुषाच्या दिवसाची लांबी मात्र त्यांच्या हयातीत कायद्याने ठरली नाही.

४. विजेचा दिवा आणि बारा तास

विजेच्या दिव्यांनी परिस्थिती पालटली. बाजार तेजीत असताना १९०५ च्या सुमारास अनेक गिरण्या सूर्यास्तानंतरही चालू लागल्या आणि दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. त्या वर्षी कामगारांनी याविरुद्ध ठिकठिकाणी काम बंद पाडले. त्यांच्या असंतोषाचा अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. आतापर्यंत दिवसाला निदान निसर्गाची कडा होती. दिव्याने ती पुसून टाकली. चाळीतील खोलीत कामगार परत येई तेव्हा मुले निजलेली असत आणि तो पहाटे निघे तेव्हाही ती निजलेलीच असत, अशी स्थिती या लांब दिवसाने ओढवणे अपरिहार्य होते.

सरकारने १९०६ मध्ये समिती आणि १९०७ मध्ये कमिशन नेमले. कमिशनचा अहवाल १९०८ मध्ये आला. त्यातील बहुमताने प्रौढ पुरुषाच्या कामाचे तास कायद्याने थेट मर्यादित करण्यास विरोध दर्शविला. त्यामागील एक प्रमुख विचार हाच होता की, कामगार गिरणीत असतो तेवढा सर्व वेळ काम करीत नाही. डॉ. टी. एम. नायर या सदस्याने भिन्न मतपत्रिका जोडली आणि थेट मर्यादेची बाजू घेतली. येथे दोन युक्तिवाद समोरासमोर आलेले दिसतात. कामगार रेंगाळतो, म्हणून दिवस लांब असला तरी चालेल, हा एक. दिवस लांब आहे, म्हणून कामगार रेंगाळतो, हा दुसरा. कार्य कोणते आणि कारण कोणते, यावर सारा निर्णय अवलंबून होता. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. जानेवारी १९२० च्या सार्वत्रिक संपानंतर मुंबईच्या मालकांनी दहा तासांचा दिवस मान्य केला, आणि १९२२ च्या कायद्याने आठवड्याला साठ तासांची मर्यादा देशभर आली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ती चोपन्न तासांवर, आणि १९४६ च्या दुरुस्तीने अठ्ठेचाळीस तासांवर आणली.

५. दोन साच्यांवरून तीन साचे

कामाचे तास उतरत गेले, ही प्रगतीची रेषा खरी आहे. परंतु ती एकटी वाचली तर अर्धीच कथा हाती येते. दिवस जसजसा आखूड झाला तसतसा तो घट्टही होत गेला. गिरणीच्या दारातून बाहेर पडण्यावर, आवारात फिरण्यावर आणि जेवणाच्या वेळेवर बंधने वाढली. पुढे जपानी मालाच्या स्पर्धेने आणि मंदीने गांजलेल्या मालकांनी कामाची पुनर्रचना हाती घेतली. दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराकडे तीन, आणि चात्यांची एक बाजू सांभाळणाऱ्या कातणाऱ्याकडे दोन बाजू देण्याच्या योजना १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सुमारे सहा महिने चाललेला, जवळजवळ दीड लाख कामगारांचा सार्वत्रिक संप ज्या कारणांनी पेटला त्यांत ही पुनर्रचना प्रमुख होती.

त्या संपाकडे वेतनकपात आणि बेकारी यांचा प्रश्न म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. एक माणूस दोघांचे काम करू लागला की दुसरा घरी बसतो, हे कामगाराला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पण त्याच्या जोडीला आणखी एक हानी होत होती. दोन साच्यांमध्ये जो उसंतीचा अवकाश होता तो तिसऱ्या साच्याने भरून टाकला. शेजाऱ्याच्या साच्यावर नजर ठेवून त्याला बाहेर जाऊ देण्याची परस्परांची सोय ज्याच्या हाती तीन साचे आहेत त्याला करता येत नाही. विडी, गप्पा, आणि एकमेकांना सांभाळून घेणे यांनी ज्या कंटाळ्याला आतापर्यंत वेसण घातली होती, ती वेसण सुटली. मात्र मागणीपत्रकात लिहिता येईल असे या हानीचे रूप नव्हते. कपातीचा दर सांगता येतो. गेलेल्या उसंतीचा दर सांगता येत नाही. त्यामुळे लढा वेतन आणि नोकऱ्या यांच्या भाषेत झाला आणि कामाच्या अनुभवाचा प्रश्न त्या भाषेच्या पोटात दडून राहिला.

६. खाडा आणि गाव

कामगाराने समतोल साधण्याचे तिसरे स्थान गिरणीबाहेर, कित्येक कोसांवर होते. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांचा फार मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला होता. घाटावरील सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतूनही लोक येत. बायकामुले, म्हातारे आईवडील आणि जमिनीचा तुकडा गावी. मिळवता पुरुष मुंबईत खाणावळीत किंवा भाड्याच्या खोलीत, दहाजणांत एक. मनीऑर्डर गावाकडे जाई आणि शिमगा, गणपती, लग्नसराई, पेरणी या निमित्तांनी माणूस स्वतः जाई. उन्हाळ्याच्या महिन्यांत गिरण्यांतील गैरहजेरी वाढत असे, आणि रिकाम्या जागी बदली कामगार उभे केले जात.

हजेरीपटावर या जाण्याला खाडा म्हणत. काही गिरण्यांत एका दिवसाच्या गैरहजेरीस दोन दिवसांचे वेतन कापण्याची डबल खाड्याची रीत होती. गैरहजेरीच्या काळापेक्षा अधिक कपात करण्यास १९३६ च्या वेतन-अदायगी कायद्याने सर्वसाधारणपणे मज्जाव केला. खाडा करणारा कामगार बेभरवशाचा, असे मालक मानीत. परंतु या व्यवहाराची दुसरी बाजू १९२९ मध्ये नेमलेल्या शाही मजूर कमिशनने ओळखली. कामगाराचा गावाशी असलेला संबंध तोडण्याऐवजी तो जपावा आणि नियमित करावा, असा त्या कमिशनच्या १९३१ च्या अहवालाचा अभिप्राय होता. आजारपण, बेकारी, बाळंतपण आणि म्हातारपण यांचा भार शहराने उचलला नव्हता. तो गाव उचलीत होते. गावी जाणे म्हणजे कामावरून पळणे नव्हे. ज्या आयुष्यासाठी काम केले जात होते त्या आयुष्याची ती हजेरी होती. पगारी वार्षिक रजेचे तत्त्व कारखाना कायद्यात १९४५ च्या दुरुस्तीने आले आणि १९४८ च्या कायद्यात ते पक्के झाले. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल एका पिढीने दंड भरला ती पुढच्या पिढीचा हक्क झाली.

७. स्त्रियांचा रविवार

या सर्व विवेचनाला एक मर्यादा घालणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२० नंतरच्या दशकापर्यंत गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण ढोबळ मानाने एक पंचमांश होते. त्या मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, नाईकिणीच्या देखरेखीखाली काम करीत. स्त्रीच्या बाबतीत गिरणी आणि घर यांच्यामध्ये कडा नव्हतीच. भोंग्यापूर्वीचा स्वयंपाक, भोंग्यानंतरचे पाणी, आणि रविवारचे धुणे, दळण व निवडटिपण हा तिचा दिवसक्रम कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येत नव्हता. महालक्ष्मीच्या मैदानावर भाषण करणाऱ्या स्त्रियांनी मागितलेला रविवार पुरुषाला विश्रांती म्हणून मिळाला. स्त्रीला तो बहुतांशी दुसऱ्या कामासाठी मोकळा झालेला दिवस म्हणून मिळाला. त्याचप्रमाणे खाणावळीत शेकडो पुरुषांना जेवू घालणाऱ्या स्त्रियांच्या श्रमावर कामगाराचा मोकळा वेळ उभा होता. पुरुषाचे भजन, तालीम आणि तमाशा यांचा इतिहास लिहिताना त्या वेळेची किंमत कोणी दिली हे विसरता येणार नाही.

८. कामाच्या आत परत पाहणे

कंटाळ्याचे कारण माणसात नसून कामाच्या रचनेत असू शकते, हा विचार पश्चिमेकडील उद्योगांत पहिल्या महायुद्धानंतर शास्त्रीय अभ्यासाचा विषय झाला. ब्रिटनमध्ये १९१८ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक थकवा संशोधन मंडळाने पुढील दशकात एकसुरीपणाचे स्वतंत्र अध्ययन केले. हिंदी कापड धंद्यात असा महत्त्वाचा प्रयोग मुंबईत नव्हे, तर अहमदाबादेत झाला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये कॅलिको गिरणीच्या स्वयंचलित साच्यांच्या खात्यात कामाची फेररचना करून पाहिली. प्रत्येकाला एक तुटक काम देऊन सर्व खात्यात विखुरण्याऐवजी काही साच्यांचा एक संच एका लहान गटाच्या स्वाधीन करण्यात आला, आणि कामाची वाटणी त्या गटाने आपसात करावी असे ठरले. त्यानंतर उत्पादन वाढले आणि खराब मालाचे प्रमाण घटले, असे राइस यांनी १९५८ मधील आपल्या ग्रंथात नोंदविले. या निष्कर्षांवर पुढे टीकाही झाली. परंतु मुंबईच्या इतिहासाच्या संदर्भात त्याचे महत्त्व निराळे आहे. शेजाऱ्याच्या साच्याकडे पाहणे आणि आपसात सांभाळून घेणे ही जी रीत जुन्या गिरणीत वेळ दवडणे म्हणून नोंदली गेली होती, तिच्याशी जवळचे नाते असलेली गोष्ट येथे व्यवस्थापनाची नवी पद्धत म्हणून परत आली होती.

९. निष्कर्ष

एकूण विवेचनावरून असे म्हणता येईल की, मुंबईच्या गिरणी कामगाराने काम आणि आयुष्य यांचा तोल तीन ठिकाणी सांभाळला : पाळीच्या आत, उसंतीच्या क्षणांत, आठवड्याच्या शेवटी, रविवारी, आणि वर्षाकाठी, गावी. यांपैकी दुसऱ्याला १८९१ मध्ये आणि तिसऱ्याला १९४५ नंतर कायद्याने मान्यता दिली. पहिल्याला ती मान्यता मधल्या ठरावीक विश्रांतीपलीकडे मिळाली नाही. उलट दिवस आखूड करण्याची किंमत म्हणून ते हळूहळू काढून घेण्यात आले. कंटाळ्याचा प्रश्न अशा रीतीने सुटला नाही. तो कामाच्या बाहेर ढकलला गेला. कामात समाधान शोधू नये, ते सुटीत शोधावे, ही आधुनिक नोकरदाराला स्वाभाविक वाटणारी वाटणी या तडजोडीतून घडलेली आहे.

अभ्यासकांच्या दृष्टीने येथे एक सावधगिरीही सुचवावी लागते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. गिरणगावच्या ज्या मौखिक आठवणी आज उपलब्ध आहेत त्यांपैकी पुष्कळ त्यानंतर नोंदल्या गेल्या. गमावलेल्या कामाची आठवण त्या कामाच्या कंटाळ्याला झाकून टाकते. आणि मालकांच्या जुन्या कागदांतील आळसाचा आरोप कारागिरीच्या अभिमानाला झाकून टाकतो. दोन्ही प्रकारची साधने एकमेकांसमोर ठेवून वाचली पाहिजेत. ज्या विणकराला साच्याचा उबग येत होता त्यालाच त्या साच्यावरील आपल्या हातोटीचा अभिमानही होता, आणि या दोन भावना एका माणसात एका वेळी नांदू शकतात, हे मान्य केल्याशिवाय श्रमाचा इतिहास पूर्ण होणार नाही.